गाव सोडण्यापूर्वीचे मार्गदर्शन

दहावी-बारावीच्या निकालानंतर शहरांत करिअर मार्गदर्शनाची शिबिरे भरतात. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मात्र तोवर फार उशीर झालेला असतो. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. परीक्षेचे अर्ज, सराव व बोर्डाची परीक्षा नेमकी याच काळात येते. मुकादमाकडून घेतलेली उचल पती-पत्नीच्या एका 'कोयत्या'ने फेडायची असते. मुले एक तर आजीपाशी राहून शिकतात, नाहीतर शाळा सोडून फडावर जातात.

राज्य शासनाने २०२१ मध्ये संत भगवानबाबा वसतिगृह योजनेतून ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहे मंजूर केली, ही स्वागतार्ह बाब होय. परंतु निवाऱ्यासोबत दिशाही हवी. आयटीआय, नर्सिंग, पॉलिटेक्निक, शिष्यवृत्ती व आवश्यक दाखले यांची माहिती पालक गावात असतानाच, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, त्यांच्यापर्यंत पोहोचली पाहिजे. हा निर्णय मुलांइतकाच आईवडिलांचाही असतो.

आपल्या धर्मग्रामांतील शिक्षक, परिचारिका व सेवानिवृत्त कर्मचारी हे कार्य सहज करू शकतील. त्यासाठी मोठ्या सभागृहाची गरज नाही. कामगारांचे ट्रक निघण्यापूर्वी त्यांच्या दाराशी जाणे पुरेसे आहे.