‘आमगेलो तो!’ म्हणण्याचा हक्क

श्री. अनंत नाग यांस २०२५ साली पद्मभूषण जाहीर झाले, तेव्हा आपल्या समाजात जो हर्ष उसळला त्याविषयी आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यापाठोपाठ आलेल्या दोन उद्गारांविषयी. पहिला, ‘आमगेलो तो!’ आणि दुसरा, किंचित खालच्या पट्टीत, ‘पण गेला कानडीला, आपल्या भाषेच्या पदरी काय पडले?’ येथे तारनाक्यास आम्ही हे दोन्ही एकाच मुखातून, एकाच पेला चहाच्या अवधीत ऐकले. म्हणजे वादी एकाच अर्जात मालकीही सांगतो आणि नुकसानभरपाईही मागतो. असा दावा आमच्यापुढे आला असता तर आम्ही पक्षकारास प्रथम कागदपत्रे आणावयास सांगितले असते.

कागदपत्रे अशी आहेत. नागरकट्टे घराण्यातला, घरी कोंकणी बोलणारा हा मुलगा कान्हनगडच्या आनंदाश्रमात आणि शिरालीच्या चित्रापूर मठात शिकला, मुंबईस आला, आणि तेथे कोंकणी, कानडी व मराठी नाटकांतून उभा राहिला. १९७३ च्या ‘संकल्प’ने त्यास कानडी पडद्यावर आणले, १९७४ च्या ‘अंकुर’ने हिंदीत. पुढची पाच दशके प्रामुख्याने कानडीची. आडनावही तेवढ्यात आखडून ‘नाग’ झाले. त्याचे मात्र दुःख आम्ही करीत नाही, नागरकट्टे हे नाव पाटीवर मावणे कठीणच.

१९७८ चा ‘अनुग्रहम्’ मात्र आम्हां हैदराबादकरांनी विसरता कामा नये. चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ ही मराठी कादंबरी. अस्सल कोंकणच्या मातीतली. ती पडद्यावर आणणारे श्याम बेनेगल सिकंदराबादेस जन्मलेले, घरची भाषा कोंकणी. नायक अनंत नाग, तेही कोंकणी. आणि चित्रपट? तेलुगू! त्याच कथेचा हिंदी अवतारही निघाला. मराठी निघाला नाही, कोंकणी निघाला नाही. लेखक आपला, दिग्दर्शक आपला, नट आपला. केवळ प्रेक्षक तेवढा परका लागला. येथे कोण कोणास सोडून गेला, हे वादीनेच सांगावे.

१९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याचे बारावे कलम सांगते की, दत्तक गेलेला पुत्र त्या दिवसापासून नव्या कुळाचा होतो व जन्मकुळाशी असलेले त्याचे संबंध तुटतात. परंतु त्याच कलमात एक शहाणा अपवाद आहे: दत्तकापूर्वी जी मालमत्ता त्याच्या ठायी निहित झाली असेल, ती त्याच्याचकडे राहते. कोंकणी ही अशी मालमत्ता आहे. ती कोणी हिरावून घेतली नाही. मराठीही राहिली, २००३ साली अमोल पालेकरांच्या ‘अनाहत’ मध्ये हेच अनंत नाग मराठीत उभे राहिले. मात्र दत्तकानंतरच्या कमाईवर जन्मकुळाने डोळा ठेवावा, असे त्या कलमात कोठेही लिहिलेले नाही.

दत्तक घेणे म्हणजे काय, हे पाहावयाचे तर हाँगकाँगकडे पाहावे. तेथे गिल मोहिंदेपाल सिंग या पंजाबी नटाने वर्षानुवर्षे कँटनी भाषेतल्या दूरचित्रवाणीवर काम केले. भाषा त्या शहरातल्या माणसासारखी. तो तेथे एका कँटनी नावानेही ओळखला जाई. पण बहुधा भूमिका कोणती? हिंदी माणसाची, आणि तीही पुष्कळदा हसण्यासाठी! त्या भाषेने त्यास ओसरीवर बसवले, माजघरात नेले नाही. उलट कानडीने काय केले? २०१६ च्या ‘गोधी बण्ण साधारण मैकट्टु’ मध्ये स्मृती हरपलेला, हरवलेला बाप म्हणून तिने ह्याच कोंकणी माणसास निवडले. आपला बाप परक्याच्या चेहऱ्यात पाहणे, ह्याहून मोठे दत्तविधान आम्हांस ठाऊक नाही.

आता आपले पाहू. कोंकणीचा पहिला बोलपट ‘मोगाचो आंवडो’ १९५० साली निघाला. १९९२ साली कोंकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. २००९ चा ‘पलतडचो मुनिस’ परदेशी महोत्सवांतून वाखाणला गेला. जे लोक आज ‘आमगेलो’ म्हणतात, त्यांतल्या कितींनी तो तिकीट काढून पाहिला? पंगतीस पाने मांडताना हात आखडत नाहीत. नाटकाची वर्गणी म्हटली की मात्र खिसा शिवलेला. आमची मुले आजीचे कोंकणी समजतात, उत्तर तेलुगूत वा इंग्रजीत देतात, आणि आम्ही ते कौतुकाने पाहुण्यांस सांगतो. इतके करून झाल्यावर कानडीवर फिर्याद लावण्यास आपण निघतो!

आमची एक सूचना आहे, खर्चाची नाही. पुढल्या वर्षी देवळाच्या उत्सवात कोंकणी नाटक बसेल तेव्हा शेजारच्या तेलुगू घरातल्या एखाद्या हुशार मुलास त्यात घ्यावे. द्वारपाल म्हणून नव्हे, नायक म्हणून. त्याच्या उच्चारास पहिल्या दोन रांगांनी हसू नये, एवढे पथ्य पाळावे. तालमी दोन महिने आधी सुरू कराव्या लागतील, तेव्हा व्यवस्थापक मंडळींनी हा विषय येत्या बैठकीतच घ्यावा.