झेंडा शिवणाऱ्यालाही पंधरा ऑगस्टची सुट्टी मिळाली पाहिजे

जुलै अर्धा झाला की गांधीबाग, इतवारी आणि मोमिनपुऱ्यातल्या आम्हा कापडवाल्यांचे लक्ष एकाच तारखेकडे लागते. शाळांच्या गणवेशाचा धंदा उतरणीला लागलेला असतो आणि दिवाळीचा माल अजून दूर असतो. मधल्या या सुन्या दिवसांत पंधरा ऑगस्टचा झेंडा, बिल्ला, टोपी, पांढरा कुर्ता एवढ्यावर पुष्कळ दुकानांचे भाडे निघते. चौदा तारखेच्या रात्री शटर खाली येते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत नाहीतर मदरशात झेंडावंदन होते, मुलांना बुंदी नाहीतर जिलेबी वाटली जाते आणि आम्ही घरी येऊन झोपतो. उरलेले शहर त्या वेळी तलावाकडे निघालेले असते.

हे नागपूरकरांचे जुने वेड आहे. कोणी फुटाळ्यावर जातो, कोणी अंबाझरीवर. ज्यांच्याकडे गाडी आहे ते रामटेकजवळच्या खिंडसीला जातात. २०२५ साली पंधरा ऑगस्ट शुक्रवारी आला आणि सलग तीन दिवस मोकळे मिळाले. २०२६ साली तो शनिवारी येतो, म्हणजे रविवार धरून दोन दिवस. अशा जोडसुट्टीत पेंचच्या जंगलात जावे म्हटले तर पावसाळ्यात सफारीचा मुख्य भाग बंद असतो. चिखलदरा विदर्भाचे एकुलते एक थंड हवेचे ठिकाण खरे, पण ते सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास दूर आणि त्या दिवसांत घाटात गाड्यांच्या रांगा. लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन तिकडे जाणे म्हणजे सुट्टीची सजाच. त्यामुळे खिंडसी सोयीचे पडते. कामठी, कन्हान, मनसरवरून रामटेक, अंतर पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. इंग्रजी अमदानीत शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला हा तलाव, भोवती टेकड्या, खाली धानाची बांधी. ऑगस्टमध्ये रोवणी झालेली असते आणि सगळा मुलूख हिरवा असतो. नावेत बसायची सोय आहे.

आता आमचा प्रश्न असा की तिकडे जातो कोण? दुकानदार जातो, नोकरदार जातो, कॉलेजातली पोरे मोटारसायकलवर जातात. ज्याच्या हाताने झेंड्याची शिलाई झाली तो कारागीर जात नाही. त्याचा हंगाम बघा. ऑर्डर जुलैच्या शेवटी ठरते, कारण शाळा, पतसंस्था आणि पुढारी मंडळी आधी सांगतच नाहीत. कपडा यायला आठवडा जातो. मग दहा ऑगस्टपासून रात्रपाळी. बारा-तेरा तारखेला सगळ्यांना एकदमच माल हवा असतो. घरातली बाई काज-टाचणी करते, पोरगी धागे कापते, पोरगा गठ्ठे बांधतो. चौदाच्या रात्री शेवटचा गठ्ठा सुटतो आणि पंधराला तो माणूस दुपारपर्यंत उठत नाही. सोळा तारखेला मालक म्हणतो, आता राखीचा आणि गणपतीचा माल काढा. एका कारागिराने आपल्या शेठला गमतीने म्हटले होते, "शेठ, झेंडा तर आम्ही महिनाभर पाहतो, एकदा तलाव दाखवा." लोक हसले. आम्हाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नाही.

या धंद्याचे रूपही बदलले आहे, ते ध्यानात घेतले पाहिजे. पूर्वी झेंडा म्हणजे हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या खादीचा. हुबळीजवळ बेंगेरीला आणि आपल्या नांदेडला हे काम आजही चालते. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत यंत्रावर बनवलेल्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यालाही परवानगी मिळाली. २०२२ च्या जुलैत रात्रीही झेंडा फडकत ठेवायची मुभा आली आणि त्याच ऑगस्टमध्ये 'हर घर तिरंगा' मोहिमेत पोस्ट ऑफिसात वीस इंच बाय तीस इंचाचा झेंडा २५ रुपयांना मिळू लागला. घरोघरी झेंडा पोहोचला ही गोष्ट चांगली झाली. पण छापील कपड्याचे तागेच्या तागे बाहेरून येऊ लागले आणि मोमिनपुऱ्याच्या वाट्याला फक्त कापणे आणि कड शिवणे उरले. जे मोहल्ले विणकरांच्या नावाने वसले, तिथे आता झेंड्याचा एक धागाही विणला जात नाही. दर नगावर ठरतो, आणि नग जितका स्वस्त तितकी मजुरी पातळ. अशा वेळी मालकाने कारागिराला वर्षातून एक दिवस मोकळा दिला तर त्याच्यावर काही मोठा एहसान होत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात ठरावीक संख्येपेक्षा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी वर्षाला आठ पगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत आणि त्यांत पंधरा ऑगस्ट आहेच. आमची बहुतेक दुकाने आणि कारखाने त्या संख्येच्या खाली आहेत, म्हणून कायदा लागत नाही. कायदा लागत नाही एवढ्याने माणुसकी लागत नाही असे होत नाही.

नागपूरला तर झेंड्याचे नाते दुसऱ्या शहरांपेक्षा जास्त आहे. १९२३ साली याच शहरात झेंडा सत्याग्रह झाला. चरख्याचा झेंडा हातात घेऊन लोक सिव्हिल लाइन्सकडे निघायचे आणि सरकार त्यांना अडवून पकडायचे, कारण तिथे गोऱ्या साहेबांची वस्ती होती. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, मग वल्लभभाई पटेलांनी सूत्रे हाती घेतली, देशभरातून तुकड्या येत राहिल्या आणि ऑगस्टमध्ये झेंडा त्या रस्त्यावरून गेला. मलिकेच्या नावाची एम्प्रेस मिल १८७७ पासून ज्या गावात धडधडत होती, त्याच गावात ही गोष्ट घडली. आमच्या पोरांना शाळेत हे कोणी नीट सांगितलेले दिसत नाही. सहलीच्या बसमध्ये दोन तास असतात, तिथे सांगता येईल. नाहीतरी सिनेमाची गाणीच वाजतात.

तलावाकाठचा एक विषय मात्र खास आमच्या धंद्यातला आहे. ध्वजसंहिता सांगते की झेंडा जमिनीला लागू नये आणि पाण्यात ओढला जाऊ नये. गाडीच्या टपावर किंवा मागे आणि नावेवरही तो पांघरायचा नाही. आता पंधरा ऑगस्टला खिंडसीला किंवा फुटाळ्याला जाऊन बघा. कागदी झेंडे चिखलात, नावेच्या टोकाला बांधलेला झेंडा पाण्यात भिजतो आहे, पोरे त्याच कपड्याने डोके पुसतात. हे करणाऱ्याला देशाबद्दल प्रेम नाही असे आम्ही म्हणणार नाही. त्याला कोणी सांगितले नाही, एवढेच. विकणाऱ्याने सांगायला हवे होते. दुकानदाराचीही काही जबाबदारी असते.

आणि विकणाऱ्याने स्वतःही सांभाळले पाहिजे. १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यानुसार झेंडा उशीवर, रुमालावर, नॅपकिनवर किंवा ड्रेस मटेरियलवर छापणे-भरणे गुन्हा आहे, कमरेखालच्या पोशाखात वापरणेही गुन्हा. झेंड्यावर काही लिहिता येत नाही, म्हणजे दुकानाचे नाव छापून गिऱ्हाइकाला भेट द्यायची हौसही नको. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. केशरी, पांढऱ्या, हिरव्या रंगाची ओढणी वेगळी आणि चक्रासकट झेंडाच छापलेली ओढणी वेगळी. बाहेरून आलेला माल डोळे मिटून मांडणाऱ्याने हा फरक समजून घ्यावा. आमच्यासारख्यांच्या दुकानावर बोट दाखवायला लोकांना निमित्त लागत नाही, ते आपण हाताने देऊ नये.

तर नियोजन कसे करावे? आमचे मत असे की पंधरा तारखेला तलावावर जाऊच नये. झेंडावंदन मोहल्ल्यातच करावे आणि कारागिराला झोपू द्यावे. सहल सोळाला. सकाळी सातला निघाले की नऊच्या आत खिंडसी येते आणि गर्दी व्हायच्या आधी नावेची पाळी लागते. इतवारी स्टेशनावरून रामटेकची गाडी आहे, एसटीही आहे. पण चाळीस-पन्नास माणसे असतील तर चार दुकानदारांनी मिळून बस करावी आणि ती जुलैतच ठरवावी, ऐन वेळी बसवाला तोंडाला येईल तो दर सांगतो. जेवण घरून. पोह्याचा एक डबा आणि बिर्याणीची एक देगची पुरते, तिथल्या महागड्या टपऱ्यांवर पैसे कशाला घालवायचे? पण पाण्याचे कॅन आणि कचऱ्याची पोती बरोबर ठेवावीत. बाया आणि मुलींना न्यावेच. पुरुषांचीच टोळी निघणार असेल तर बस करायचे काही कारण नाही, कारण शिलाईचे अर्धे काम घरातल्या बाईने केलेले असते.

पाण्याच्या बाबतीत मात्र ढिलाई नको. आपल्या पोरांपैकी फार थोड्यांना पोहता येते. जिल्ह्यातल्या तलावांवर दर पावसाळ्यात कॉलेजची पोरे बुडाल्याच्या बातम्या येतात, बहुतेक वेळा फोटो काढायला खोल गेलेली. लाइफ जॅकेट नसेल त्या नावेत बसायचे नाही, मग नाववाला कितीही म्हणो. वरून काळे आभाळ दिसले की निघायचे. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांच्या पावसाने अंबाझरी ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत, दुकानांत पाणी शिरले, ते आपण पाहिले आहे.

काही दुकानदार म्हणतील, खर्च कोणी करायचा? हिशेब सरळ आहे. झेंड्याच्या हंगामाच्या नफ्यातून प्रत्येक नगामागे काही पैसे पहिल्या ऑर्डरपासून बाजूला टाकायचे. मजुरीतून नाही, नफ्यातून. हंगाम बरा गेला तर बसभाडे आरामात निघते, वाईट गेला तर चौघांऐवजी सहा दुकानांनी मिळून करावे. ज्याला यातही धंदाच दिसत असेल त्यालाही एक गोष्ट सांगतो. जोडसुट्टीत गिऱ्हाईक इतवारीत येत नाही, ते रामटेकच्या रस्त्याला असते आणि भिजलेले असते. त्याला टॉवेल, मुलांचे कोरडे कपडे, प्लास्टिकचे रेनकोट हवे असतात. नगर परिषद किंवा ग्रामपंचायतीची रीतसर परवानगी काढून दोन दिवस गाडा लावला तर झेंड्यापेक्षा बरी विक्री होईल, आणि उरलेला माल पुढच्या पावसातही चालतो. उरलेल्या झेंड्यांचे तसे नाही. ते घडी करून, कोरड्या जागी, पुढच्या २६ जानेवारीसाठी ठेवायचे, आणि जे फाटले-मळले असतील ते रस्त्यावर किंवा भंगारात न टाकता अदबीने, एकांतात जाळून टाकायचे, असे संहितेतच सांगितले आहे. ज्यांना येत्या सोळा ऑगस्टला बसमध्ये जागा हवी आहे त्यांनी आपल्या मोहल्ल्यातल्या दुकानदारांशी जुलै संपण्याआधी बोलून घ्यावे.