शेवटच्या नळाची साक्ष

पाण्यात क्लोरीन टाकले की रोगजंतूंचा निकाल लागला, ही समजूत आपल्याकडे इतकी रूढ आहे की ती तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे विकाराचा उद्रेक झाला, तेव्हा काही रुग्णांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. हा जंतू क्लोरीनपुढे अगदी दुबळा. तो पाण्यावाटे पोटात जात असेल, तर औषध जेथे पोहोचावयास हवे तेथे पोहोचलेच नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

जंतू वाचतात ते अशाच फटींतून. गढूळ पाण्यात ते मातीच्या कणांआड दडतात आणि क्लोरीन गाळातील कुजक्या द्रव्यावरच खर्ची पडते. नळाच्या आत साचलेल्या बुळबुळीत थरात वरचे मरतात, तळचे जगतात. मायकोबॅक्टेरियांना तर त्यांचे मेणचट कवचच तारते.

पेणजवळच्या रामवाडीसारख्या वस्तीने हे ध्यानी घेतले पाहिजे. कोकणच्या पावसात पाणी गढूळते आणि दमट हवेत उघड्या पोत्यातील टीसीएल पावडरीचा जोर उतरतो. ठराविक वेळीच सुटणाऱ्या नळयोजनेत रिकाम्या वाहिनीला चीर असली, तर ती भोवतालचे सांडपाणी आत ओढते. मग टाकीवर पावडर मोजून टाकल्याची नोंद कितीही चोख असो, तिचा उपयोग काय? त्यातच हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते आणि त्याच पेण तालुक्यातील खारेपाट उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतो. टँकरच्या पाण्याची परीक्षा तर अधिकच कसून व्हावयास हवी.

आमचे म्हणणे एवढेच की, पाणी आधी निवळावे, गाळावे. क्लोरीनला किमान अर्धा तास अवधी द्यावा. आणि गावाच्या शेवटच्या नळावर लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरले आहे की नाही, हे रोज पाहावे. ही चाचणी काही क्षणांची व अल्प खर्चाची आहे. तिचा निकाल ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लिहिला जावा. टाकीवरची नोंदवही कारभाऱ्यांचे समाधान करील. पोराबाळांचे रक्षण शेवटच्या नळाची साक्षच करील.