दूधपोळीवरचे मांजर

सोलापुराहून एका भगिनींचे पत्र आमच्याकडे आले आहे. उत्तर कसब्यातील जुना वाडा सोडून त्यांचे बिऱ्हाड वर्षापूर्वी जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर गेले, आणि बिऱ्हाडाबरोबर मनी नावाची मांजरीही गेली. वाड्यात असताना दोन्ही वेळा दूधपोळी खाऊन ती टुणटुणीत असे. आता तेच अन्न खाऊन ती रोडावली आहे आणि अंगावरचे केस विरळ झाले आहेत. बाजारात मांजरांच्या कोरड्या खाद्याच्या पिशव्या मिळतात. पण त्यांत मांस असते म्हणून सासूबाईंचा विरोध, आणि किंमत पाहून यजमानांचा. ‘आमच्याकडे तीन पिढ्या मांजरे दूधपोळीवरच वाढली, मग हिलाच काय झाले?’ असे त्या विचारतात.

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर मनीच्या वाटीत नसून वाड्याच्या माळ्यावर आहे. जुन्या घरांतून मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी कणग्या भरभरून असे. त्या ज्वारीवर उंदीर जगत आणि उंदरांवर मांजर. आपण घातलेली दूधपोळी हे तिचे जेवण नव्हतेच, ते नुसते तोंडी लावणे होते. खरे जेवण ती रात्री माळ्यावर किंवा परसात, आपल्या नजरेआड उरकून येई. उंदीर, पाल, चिमणी, जे सापडेल ते. आपण मात्र तिच्या सात्त्विकपणाचे कौतुक करीत राहिलो. हितोपदेशातील दीर्घकर्ण मांजराने चांद्रायण व्रताची थाप मारून जरद्गव गिधाडास फसविले. आमच्या घरच्या मांजरींनी तर थापही मारली नाही. आम्ही आपण होऊनच फसलो!

तिसऱ्या मजल्यावर कणगी नाही, माळा नाही. खिडक्यांना जाळ्या आहेत आणि ज्वारीचे पीठ पिशवीतून येते. म्हणजे जे तोंडी लावणे होते तेच आता पूर्ण जेवण होऊन बसले आहे. मनी बदलली नाही, घर बदलले.

मांजराचा देह मांसाहारासाठीच घडलेला आहे. टॉरीन नावाचे एक द्रव्य माणसाचे शरीर आपल्यापुरते तयार करू शकते. मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही, मांसातूनच मिळवावे लागते. गव्हाच्या पोळीत ते नसते आणि गाईच्या दुधात नाममात्र असते. गाजरापासून आपण जे ‘अ’ जीवनसत्त्व बनवतो तेही मांजराला साधत नाही. टॉरीन न मिळाल्यास मांजराच्या डोळ्यांतील पडदा झिजून ते आंधळे होते, हे अमेरिकेतील संशोधकांनी १९७५ साली दाखवून दिले. पुढे १९८७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक विभागात पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे सिद्ध केले की, याच उणिवेमुळे मांजरांचे हृदय फुगून दुबळे होते. त्या मांजरांपैकी पुष्कळशी बाजारातील विकतचे खाद्य खाणारीच होती! तेव्हापासून कारखानदार खाद्यात टॉरीन अधिक घालू लागले. वेळीच ध्यानात आल्यास हृदय सुधारू शकते. गेलेली दृष्टी मात्र परत येत नाही.

आता सासूबाईंचा विरोध. तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. मनीने आपण होऊन उंदीर धरणे आणि आपण पैसे देऊन कोंबडीचे मांस आणणे यांत अंतर आहेच. परंतु जाळीबंद घरात तिला कोंडून पोळीवर ठेवणे हीही हिंसाच आहे. ती सावकाश घडते म्हणून दिसत नाही इतकेच. ज्यांच्या मनाला हे मुळीच पटत नाही त्यांनी नवे मांजर आणू नये, हे उत्तम. घरी असलेल्या मांजराचे व्रत मात्र आपण परस्पर ठरवू नये. टॉरीन कारखान्यातही तयार होते आणि त्याच्या आधारे केलेली निर्मांस खाद्येही निघाली आहेत. पण पशुवैद्याच्या देखरेखीवाचून त्यांच्यावर विसंबण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. कोरड्या खाद्याची सोय अशी की स्वयंपाकघरात काही चिरावे-शिजवावे लागत नाही. पिशवी गॅलरीतल्या फळीवर राहील. तिची वाटी आणि चमचा वेगळे असतील. सासूबाईंच्या सोवळ्याला एवढ्याने धक्का लागू नये.

खर्चाच्या बाबतीत किलोचा भाव पाहू नका, दिवसाचा पाहा. चार किलो वजनाच्या मांजराला अशा खाद्याचे रोजचे ५० ते ६० ग्रॅम पुरतात. खाद्य किलोला ३०० रुपये असेल तर दिवसाला सोळा-सतरा रुपये पडतात, ५०० असेल तर सत्तावीस-अठ्ठावीस. मनीला रोज पाव लिटर दूध जात असेल तर त्याचेच पंधरा रुपयांच्या आसपास होत असतील, हे यजमानांनी हिशेबात धरावे. ५० ग्रॅम एकदा तराजूवर मोजून वाटीवर खूण करून ठेवावी. एकत्र कुटुंबात मांजराला चौघे चार वेळा वाढतात आणि प्रत्येकाला वाटते की ते उपाशी आहे.

अगदी महाग पिशवीची गरज नाही, अगदी स्वस्तही घेऊ नये. ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ हे शब्द पिशवीवर आहेत की नाहीत आणि खाद्य मोठ्या मांजरासाठी आहे की पिलासाठी, हे प्रथम पाहावे. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. आरंभी कोंबडी किंवा मासळी असे स्पष्ट नाव असलेले बरे, मका किंवा तांदूळ पहिला असेल तर पिशवी परत फळीवर ठेवावी. प्रथिने शेकडा ३० च्या पुढे असावीत आणि टॉरीनचा उल्लेख असावा. लाल-हिरव्या चांदण्यांचे दाणे पाहून भुलू नये. ते रंग घेणाऱ्यासाठी असतात, मांजराला त्यांचे काही नाही. ‘धान्यविरहित’ या शब्दासाठी जादा पैसे मोजण्याचेही कारण नाही. कुत्र्याचे खाद्य स्वस्त असले तरी मांजराला ते चालत नाही.

मोठे पोते किलोमागे स्वस्त पडते खरे, पण सात किलोचे पोते एका मांजराला चार महिने पुरते, आणि सोलापुरात चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर जातो. उघडलेल्या पिशवीतील स्निग्धांश त्या उष्म्यात खवट होतो. म्हणून एका मांजरासाठी उन्हाळ्यात किलो-सव्वा किलोचीच पिशवी घ्यावी. ती तीन आठवड्यांत संपते. हिवाळ्यात तीन किलोची चालेल. खाद्य मूळ पिशवीतच ठेवून पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. दुकानात उघड्या पोत्यातून सुटे मिळते ते घेऊ नये. त्याचा काळ-वेळ कळत नाही.

सोलापूरच्या उन्हाळ्याची दुसरी काळजी पाण्याची. उंदराच्या शरीरात दोन-तृतीयांश पाणी असते, कोरड्या खाद्यात जेमतेम दहावा हिस्सा. शिवाय मांजर हे मूळचे रुक्ष प्रदेशातले जनावर. तहान लागूनही ते थोडेच पिते. घरात तीन ठिकाणी पाणी ठेवावे, आणि निदान एका वेळचे दाणे तितक्याच पाण्यात दहा मिनिटे भिजवून द्यावेत. भिजवलेले उरल्यास तासाभराने टाकून द्यावे. घरात बोका असेल तर विशेष जपावे. तो पुनःपुन्हा लघवीला बसतो आणि होत मात्र नाही असे दिसले, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावा. अशी अडवणूक एक-दोन दिवसांत जीव घेते.

मनीलाही आधी एकदा वैद्याला दाखवावे. रोडावण्याचे कारण जंतही असू शकतात आणि खाद्य बदलून ते जात नाहीत. भर उजेडातही तिची बुबुळे विस्फारलेली राहतात का, चालताना ती वस्तूंना अडखळते का, हेही वैद्यांना आवर्जून सांगावे. नवे खाद्य एकदम देऊ नये. जुन्या अन्नात थोडे थोडे मिसळून आठ-दहा दिवसांत पालट करावा. कांदा-लसूण घातलेले काही तिच्या पुढे टाकू नये; त्याने मांजराचे रक्त बिघडते.

राहिली दुधाची वाटी. मोठ्या मांजरांना बहुधा दूध नीट पचत नाही आणि जुलाब होतात. पण मनीला ते आजवर सोसले असेल आणि सासूबाईंचा हात आवरत नसेल, तर संध्याकाळी दोन चमचे घालावे. पोळी न कुस्करता.