मुंग्या येतात, साहेब!

बँकेत छत्तीस वर्षे काढली. त्यातली सुरुवातीची वर्षे जाडजूड लेजरांची. दिवसअखेर दहा पैशांचा फरक निघाला, तरी रात्री नऊपर्यंत कोणी खुर्ची सोडत नसे. तिजोरीला दोन चाव्या, त्याही दोन वेगवेगळ्या माणसांकडे. एकाने लिहायचे, दुसऱ्याने तपासायचे. ‘माझा विश्वास आहे’ हे वाक्य तिथे चालत नसे. ‘मी स्वतः पाहिले’ हेच चाले. हे सगळे अंगात मुरलेला मी, घरात विजेच्या बाबतीत मात्र डोळे मिटून वागत होतो. बटण दाबले, दिवा लागला, की आमचे खाते जुळले!

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, “साहेब, मशिनला हात लावला की मुंग्या येतात.” मी जाऊन हात लावला. काहीच नाही. “ओल आहे ना, म्हणून वाटत असेल,” असे सांगून मी पेपर उघडला. आठवड्याने त्या पुन्हा म्हणाल्या. मी पुन्हा हात लावला, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा त्या बोलल्याच नाहीत. सहज मोरीकडे गेलो, तर मावशी जेवणाचा लाकडी पाट पायाखाली घेऊन मशिनमधले कपडे काढत होत्या. माझ्या पायात रबरी स्लिपर होत्या. त्या अनवाणी, ओल्या फरशीवर उभ्या असत. आम्हा दोघांच्या अनुभवातला फरक एवढाच होता, आणि तो मला कळला नव्हता.

त्याच दिवशी वायरमनला बोलावले. त्याने प्लग हातात घेतला आणि विचारले, “हा उद्योग कोणी केला?” उद्योग माझाच होता. मशिनची जागा बदलली, तेव्हा तिथल्या जुन्या बोर्डाला दोनच भोके होती. म्हणून मी मूळचा थ्री-पिन प्लग कापून टू-पिन बसवला आणि उरलेली हिरवी वायर, उगाच लोंबायला नको, म्हणून टेप गुंडाळून ठेवली होती. ती हिरवी वायर म्हणजे अर्थिंग. यंत्रात वीज गळून पत्र्यावर आली, तर तिला जमिनीत उतरायला दिलेली वाट. ती मी बंद केली आणि नकळत मावशींच्या अंगातून दुसरी उघडली. पाट त्यांना सुचला नसता तर? या प्रश्नावर माझी झोप अजूनही मोडते.

पुष्कळांना वाटते, बोर्डात एमसीबी आहे, मग काळजी कसली? पण एमसीबी राखतो ती वायर, माणूस नव्हे. २००० वॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर वीज ओढतो, तरी १६ अँपिअरचा एमसीबी शांत असतो; माणसाचा जीव जायला मात्र एका अँपिअरचा दहावा हिस्साही पुरतो. माणसासाठी असते ते आरसीसीबी, वायरमन मंडळी ज्याला सवयीने ईएलसीबी म्हणतात. घरांसाठीचे आरसीसीबी ३० मिलिअँपिअर गळती झाली की डोळ्याचे पाते लवण्याआत वीज तोडते. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ असे लिहिलेले छोटे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. वीज गेली पाहिजे. गेली नाही, तर ते उपकरण केवळ शोभेचे आहे असे समजून वायरमनला बोलवावे. मात्र या बटणाने अर्थिंगची परीक्षा होत नाही. ती वायरमनकडून वेगळी करून घ्यावी.

बाकीच्या तपासणीला डोळे आणि नाक पुरते. इस्त्रीची वायर मुठीजवळ, जिथे ती रोज वाकते, तिथे चिरली आहे का? सॉकेटभोवती तपकिरी डाग किंवा जळका वास आहे का? गिझर बंद केल्यावर प्लग काढताना तो चटका देण्याइतका तापलेला आहे का? पत्र्याच्या अंगाच्या एखाद्या उपकरणाला माझ्यासारखा कोणी टू-पिन लावला आहे का? पावसाळ्यात बोर्डाच्या भिंतीला ओल आली आहे का? कपडे वाळत घालायला लोखंडी तार असेल, तर ती आजच काढून नायलॉनची दोरी बांधावी. विजेची वायर त्या तारेला घासून तिच्यात प्रवाह उतरल्याच्या आणि ओले कपडे टाकताना माणसे दगावल्याच्या बातम्या आपण दर पावसाळ्यात वाचतोच.

आपले काम इथे संपते. बोर्ड उघडणे आपले काम नव्हे. टेस्टर पेटला नाही म्हणजे वीज नाही, या भरवशावर तर मुळीच राहू नये, टेस्टरही बिघडतो. आणि मेन स्विच कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. कोणी विजेला चिकटले, तर त्याला धरायला न धावता आधी मेन स्विच बंद करायचा, हेही.

‘प्रत्येकाला’ म्हणताना मला फक्त घरचे लोक अभिप्रेत नाहीत. आपल्या घरातली ओली फरशी बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या तरी अनवाणी पायांखाली असते. विजेचा दोष पहिल्यांदा कळतो तो त्यांना, आणि आपण त्याला भास म्हणतो. बँकेत साध्या शिपायाने ‘साहेब, कुलूप नीट लागत नाही’ म्हटले असते, तर मी पेपर उघडून बसलो असतो का?

आता दर महिन्याच्या एक तारखेला सकाळी मी ते बटण दाबतो. पंखा थांबतो, फ्रीज गप्प होतो, सौभाग्यवती स्वयंपाकघरातून ओरडतात. एखाद्या महिन्यात मी विसरतो. तेव्हा मावशी पदर खोचता खोचता विचारतात, “साहेब, आज एक तारीख ना?”