एक बादली, एक फडकं आणि पंधरा लाखांची गाडी

सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टँकरनंतर सगळ्यात जास्त आरडाओरडा कशावर होत असेल, तर गाड्या पुसणाऱ्या मुलावर. "माझ्या बॉनेटवर ओरखडे पाडले!" च्यायला, पडणारच ना! पहाटे साडेपाचला एका बादलीत पंचवीस गाड्या उरकायच्या, आणि फडकं कुठलं? तर तुमच्याच घरातला जुना बनियन. त्यानंच आधी चाकं, मग बॉनेट. पंधरा लाखांची गाडी आणि बनियन!

गाडीच्या रंगावर जो क्लिअर कोट असतो, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा. डोक्यावरच्या केसापेक्षाही बारीक. चाकात ब्रेक पॅडची पूड आणि वाळू अडकलेली असते. ते फडकं रंगावर फिरवलं की झाला सँडपेपर. काळ्या गाडीवर उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात ना, त्या अशाच येतात. त्याचा हात जड नाही हो, तुमचा हात आखडता आहे.

माझं म्हणणं साधं आहे. प्रत्येक बिल्डिंगमागे चाकांची एक ट्रॉली बांधा. तयार घेऊ नका. बहुतेक तयार ट्रॉल्यांची चाकं किचनच्या टाइल्ससाठी असतात, पेव्हर ब्लॉकवर मान टाकतात. पुण्यात असाल तर बोहरी आळीत जा, स्लॉटेड अँगल आणि चार इंची रबरी चाकं घ्या. त्यातली दोन ब्रेकवाली हवीतच, नाहीतर पार्किंगच्या उतारावरून ट्रॉली थेट चेअरमनच्या गाडीवर :-)

बादल्या सगळ्यात खाली. वीस लिटर पाणी म्हणजे वीस किलो. वर ठेवलं तर पहिल्याच वळणावर ट्रॉली आडवी. एक बादली शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची, दोन्हींच्या तळाला जाळी, म्हणजे वाळू खाली बसते. मधल्या कप्प्यात बाटल्या. चाकांचा क्लीनर मात्र वेगळ्या टोपलीत, कारण काहींत ॲसिड असतं. ब्लीच त्याच्या आसपासही नको, आणि हातमोजे त्याच टोपलीला लटकवायचे. सगळ्यात वर झाकणाच्या डब्यात धुतलेले मायक्रोफायबर. निळे रंगाला, लाल फक्त चाकांना. (ते धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका, धागे बुजतात.) वापरलेल्या लाल फडक्यांना बाजूला पिशवी. टेस्टिंग न झालेला कोड कुणी थेट प्रॉडक्शनवर टाकला तर आपण ऑफिस डोक्यावर घेतो. मग लाल फडकं बॉनेटवर कसं चालतं?

"पण ट्रॉली चोरीला जाईल..." हे म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. काका, चार फडकी नेऊन तो बंगला बांधणार आहे का? साखळी लावा, कुलूप लावा. खर्च पंचवीस गाड्यांत वाटला तर माणशी एका रविवारच्या पिझ्झाएवढाही येणार नाही. पण पिझ्झाला आपण ठराव मागत नाही.

आणि रंगाचं सोडा. बेसमेंटच्या नळापासून तो माणूस भरलेली बादली हातात उचलून रोज किती फेऱ्या मारतो, कुणी मोजलंय? चाकं लावली तर त्याची पाठ तरी वाचेल.

ओरखड्यांपोटी त्याच्या पगारातून शंभर-शंभर रुपये कापायचे, असा विषय आमच्या पुढच्या मीटिंगच्या पत्रिकेवर आहे. मी विरोधात मत देणार, आणि ट्रॉलीचा ठराव त्याच्या आधी घ्यायला लावणार. अनुमोदक हवाय.