बॉस? नाही, दोस्त!

बॉस आणि फ्रेंड, एकाच माणसात? रतन टाटा आणि पुण्याचा शंतनू नायडू ही जोडी आठवा. भटक्या कुत्र्यांसाठीच्या चमकत्या पट्ट्यांमुळे ओळख झाली, 2018 मध्ये शंतनू टाटांच्या ऑफिसात लागला. वयात पन्नासहून जास्त वर्षांचं अंतर, पण ऑक्टोबर 2024 मध्ये टाटा जाईपर्यंत दोस्ती टिकली.

असे बॉस फक्त मुंबईच्या बड्या ऑफिसातच भेटतात, असं थोडंच आहे? माझे भेटले जालन्याच्या मोंढ्यात. कॉलेजात असताना सोयाबीनच्या सीझनला मी एका आडतीवर पट्ट्या लिहायचे. वजन, भाव, हमाली, तोलाई. काकांचा नियम एकच: सही घ्यायच्या आधी पट्टी शेतकऱ्याला मोठ्यानं वाचून दाखवायची. मागे कितीही रांग असो. तेव्हा जाम वैताग यायचा. आज मुलाखत लिहून झाली की समोरच्याला वाचून दाखवते, ती सवय तिथलीच.

पण तोवर ते मालकच होते. दोस्ती झाली मी पुण्याला आल्यावर. एका रात्री फोन आला, “पोरगं दुकानावर बसत नाही म्हणतंय. तू पण गेलीस ना घर सोडून? तेव्हा बापानं काय म्हटलं असतं, तर तुला बरं वाटलं असतं?”

मला हिशोब शिकवणारा माणूस मलाच विचारत होता! तासभर बोललो. पोरगा आता नाशिकला नोकरी करतो, दर दिवाळीला घरी येतो. काका मात्र दर रविवारी मला फोन करतात. काम काहीच नसतं.

तुमच्या पहिल्या बॉसचा नंबर अजून सेव्ह आहे? मग लावा की!